रेंज फुल्ल, तरी कनेक्शन लॉस्ट?

प्रश्न : नमस्कार ताई, मी आणि माझा रूममेट मिळून कर्वेनगरच्या एका मेससाठी डब्याचं ॲप बनवतोय. डबा पोचवणाऱ्या मुलाचं लोकेशन दर ५ सेकंदांनी सर्व्हरला जातं, पोस्ट रिक्वेस्टने (माहिती पाठवणारी रिक्वेस्ट). सर्व्हर नोडमध्ये (जावास्क्रिप्टवालं Node.js) लिहिलाय, टेस्टिंग माझ्या जुन्या आयफोनवर चालू आहे. तर मधूनच एरर येतो, 'द नेटवर्क कनेक्शन वॉज लॉस्ट', कोड मायनस १००५. आधी वाटलं रेंज नाही म्हणून सिम बदललं, तरी तेच, आता तर फोन रूमवर राउटरच्या शेजारी ठेवला तरी येतोय. पोस्टमनमधून (रिक्वेस्ट तपासायचं टूल) तीच रिक्वेस्ट मारली की दर वेळी ओके. मेसवाले काका म्हणतात तुमचं ॲपच गंडलंय. काय करू?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : सिमचे पैसे वाया गेले रे! नेट गेलेलं असतं तर मायनस १००९ आला असता आणि सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नसतं तर मायनस १००१. १००५ म्हणजे कनेक्शन जोडलेलं होतं आणि मधेच तुटलं. आता ते तोडलं कोणी एवढंच शोधायचंय, आणि मला तुझ्या पत्रातच उत्तर दिसतंय, ते ५ सेकंद.

कसं ते बघ. फोन दर वेळी नवीन कनेक्शन उघडत नाही, एकदा उघडलेलंच परत वापरतो, त्याला कीप-अलाइव्ह म्हणतात. पण सर्व्हर रिकामं कनेक्शन किती वेळ धरून बसणार? नोडच्या बऱ्याच व्हर्जनमध्ये हा वेळ डिफॉल्ट ५ सेकंद आहे. आणि तुझा टायमर पण ५ सेकंदांचा! रिक्षावाल्याला 'थांबा हं, आलोच' सांगून तू वर गेलास, तो पाच मिनिटं थांबला, कंटाळून त्याने गिअर टाकला आणि नेमकी त्याच क्षणी तू मागच्या सीटवर पिशवी ठेवायला गेलास, तसं चाललंय हे. सर्व्हरचा 'बंद करतोय' हा निरोप वाटेत असतानाच फोनने रिक्वेस्ट सोडलेली असते. तू एक मिनिट उशिरा आला असतास तर रिक्षा गेलेली दिसली असती आणि दुसरी केली असतीस, पिशवी पडलीच नसती. पोस्टमनमध्ये तू हाताने बटण दाबतोस, बरोब्बर पाचव्या सेकंदाला थोडंच दाबतोस, म्हणून तिथे सापडत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, करून बघ. टायमर ३ सेकंद कर आणि अर्धा तास चालू ठेव, एरर जवळजवळ गायब होईल कारण कनेक्शन रिकामं राहतच नाही. मग ८ कर, तरी गायब, कारण तोपर्यंत सर्व्हरने बंद केल्याचं फोनला कळलेलं असतं, तो गुपचूप नवीन उघडतो. परत ५ कर, की आला. (हे करताना सर्व्हरची फाइल सेव्ह करत बसू नकोस, ऑटो-रिस्टार्ट लावला असशील तर दर सेव्हला सगळी कनेक्शनं तुटतात आणि तू उगाच भलत्याच भुताच्या मागे लागशील.)

आता उपाय. सर्व्हरवर कीपअलाइव्हटाइमआउट ६५००० कर, हा आकडा मिलिसेकंदात असतो, आणि हेडर्सटाइमआउट (रिक्वेस्टचे हेडर्स पूर्ण यायची मुदत) त्याच्याहून थोडा जास्त ठेव. ६५ च का, तर उद्या ॲमेझॉनचा लोड बॅलन्सर (आलेल्या रिक्वेस्ट सर्व्हरांना वाटून देणारा) पुढे लावलात तर त्याचा डिफॉल्ट ६० सेकंदांचा असतो, मागच्याने पुढच्याच्या आधी दार लावायचं नाही.

पण एवढ्यावर थांबू नकोस, कारण मुलगा सोसायटीच्या वाय-फायमधून बाहेर पडून मोबाइल डेटावर गेला की कनेक्शन खरंच तुटणार, ॲप बॅकग्राउंडला गेलं तरी तुटू शकतं. गेट रिक्वेस्ट (नुसती माहिती मागणारी) असेल तर आयओएस स्वतःच परत पाठवून बघतं, पोस्ट मात्र पाठवत नाही, आणि ते योग्यच आहे. विचार कर, गिऱ्हाईकाने दोन थाळ्यांची ऑर्डर दिली, ती सर्व्हरला पोचली, फक्त उत्तर परत येताना कनेक्शन तुटलं. फोनला दिसतं फेल. तू आंधळेपणाने परत पाठवलंस की चार थाळ्या, आणि काका तुला धरणार. लोकेशनचं काय, दोनदा गेलं तरी कोणाचं बिघडत नाही, बिनधास्त रिट्राय कर. ऑर्डरला मात्र फोनवरच एक युनिक आयडी बनव, रिट्रायला तोच आयडी पाठव, नवीन नाही, आणि सर्व्हरने तो आधी आलेला असेल तर नवीन ऑर्डर न घेता जुनंच उत्तर द्यायचं. डेटाबेसमध्ये त्या कॉलमला युनिक (तोच आयडी दुसऱ्यांदा घ्यायचाच नाही, ही अट) लावायला विसरू नकोस, नुसत्या इफ-एल्सवर राहिलास तर दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की फसशील.

आणि रिक्वेस्टच्या आधी 'नेट आहे का' तपासायचा कोड घातला असशील तर काढून टाक. तपासलं तेव्हा होतं, पाठवताना गेलं, मग काय उपयोग?

प्रश्न : सिम्युलेटरवर सगळं चालतं, खऱ्या फोनवर टाकलं की मायनस १००४, म्हणजे सर्व्हरशी जोडलंच जात नाही. पत्ता लोकलहोस्टच दिलाय.
– एक विद्यार्थिनी, आकुर्डी

उत्तर : अगं, फोनवर लोकलहोस्ट म्हणजे तो फोनच, तुझा लॅपटॉप नाही! सिम्युलेटर लॅपटॉपवरच चालतो म्हणून तिथे जमलं. दोन्ही एकाच वाय-फायवर घे, लॅपटॉपचा आयपी दे, सर्व्हर ०.०.०.० वर ऐकतोय ना (म्हणजे बाहेरच्या डिव्हाइसची कनेक्शनंही घेतोय ना) ते बघ, आणि फोनने लोकल नेटवर्कची परवानगी विचारली की 'अलाउ' दाब. अँड्रॉइडच्या इम्युलेटरवर करशील तेव्हा १०.०.२.२ वापर, तिथे लॅपटॉपचा पत्ता तो असतो. कॉलेजच्या वाय-फायवर एवढं करूनही नाही जमलं तर डोकं फोडू नकोस, बऱ्याच ठिकाणी एका डिव्हाइसला दुसऱ्याशी बोलूच देत नाहीत, मैत्रिणीच्या फोनचा हॉटस्पॉट घे.