ठरल्या वेळी चालणारे टास्क : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर बनवला आहे. फ्रीआरटीओएस या छोट्या प्रोसेसरसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवरील त्याचा मुख्य टास्क (प्रोग्रामचा स्वतंत्रपणे चालणारा भाग) दर १० मिलिसेकंदांनी चालावा, म्हणून लूपच्या शेवटी ‘व्हीटास्कडिले’ या फंक्शनने १० मिलिसेकंद थांबतो. तरी मिनिटाला ६,००० ऐवजी ५,००० च्या आसपासच फेऱ्या होतात. घड्याळ चुकते काय?

उत्तर : घड्याळ बरोबर आहे. व्हीटास्कडिले थांबण्याचा काळ मोजते तो ती ओळ चालल्या क्षणापासून, टास्क जागा झाल्यापासून नव्हे. लूपचे काम २ मिलिसेकंदांचे असले, की एक फेरी १२ मिलिसेकंदांची होते आणि मिनिटाला ५,००० च फेऱ्या बसतात. त्यात मध्येच वरच्या प्राधान्याचा टास्क आला, तर ती फेरी आणखी लांबते. पीआयडीचे, म्हणजे वेगातील चूक पाहून दुरुस्ती ठरवणारे, गणित १० मिलिसेकंद धरून मांडलेले असल्याने इंटिग्रल पद (चुकांची बेरीज) हवे त्यापेक्षा कमी साठते आणि डेरिव्हेटिव्ह पद (चूक बदलण्याचा दर) १.२ पट फुगते. भट्टीच्या तापमानाला हे खपून जाते, मोटरला नाही.

त्याऐवजी ‘व्हीटास्कडिलेअनटिल’ वापरावे. चालू टिक (सिस्टीमच्या घड्याळाचा आकडा) लूप सुरू होण्यापूर्वी एकदाच व्हेरिएबलमध्ये घ्यावा. पुढची जागे होण्याची वेळ ते फंक्शन मागच्या ठरलेल्या वेळेत १० मिलिसेकंद मिळवून स्वतःच काढते. दर फेरीला थांबण्यापूर्वी टिक नव्याने वाचला, तर पहिले पाढे पंचावन्न. मात्र एखादी फेरी मुदतीपलीकडे गेली, तर हे फंक्शन न थांबता लगेच परतते आणि राहिलेल्या फेऱ्या पाठोपाठ धावतात, याचा विचार आधीच करून ठेवावा.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पात माझे तीन टास्क आहेत : दर १० मिलिसेकंदांनी ४ मिलिसेकंदांचे काम, दर २० ने ५ चे आणि दर ५० ने १० चे. शेवटचा सुरक्षिततेचा असल्याने त्याला सर्वोच्च प्राधान्य दिले आहे. ते योग्य आहे ना?

उत्तर : नाही, आणि ही गल्लत फार सर्रास होते. प्राधान्याचा आकडा टास्कची प्रतिष्ठा सांगत नाही. कोणाला किती लवकर प्रोसेसर मिळाला पाहिजे, एवढेच सांगतो. तुमच्या मांडणीत सुरक्षिततेचा टास्क आधी १० मिलिसेकंद घेईल, म्हणजे पहिल्या टास्कचे काम १४ व्या मिलिसेकंदाला संपेल. त्याची मुदत, म्हणजे पुढची पाळी येण्याची वेळ, मात्र १० लाच संपलेली असेल.

ज्याचा कालावधी लहान त्याचे प्राधान्य वरचे, हा रेट मोनोटोनिक नियम ल्यू आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये सिद्ध केला. तीन स्वतंत्र टास्कचा एकूण भार (प्रोसेसरचा त्यांना लागणारा वेळ) सुमारे ७८ टक्क्यांच्या आत असला, तर या नियमाने मुदत चुकत नाही. तुमचा भार ४०, २५ आणि २० मिळून ८५ टक्के आहे, म्हणून घाबरू नका. ७८ च्या वर गेले म्हणजे नापास असे नव्हे, प्रत्यक्ष मोजावे लागते एवढेच. तिघे एकाच क्षणी जागे झाले, ही सर्वांत वाईट स्थिती धरा. ३६ व्या मिलिसेकंदापर्यंत पहिला टास्क चारदा चालतो (१६), दुसरा दोनदा (१०), आणि तिसऱ्याला त्याचे १० मिळून तो संपतो. मुदत ५० ची आहे, म्हणजे सुरक्षिततेचा टास्क सर्वांत खाली राहूनही निर्धास्त आहे.

प्रश्न : मग ज्याची मुदत सर्वांत जवळ त्याला आधी, अशी पद्धत का वापरू नये?

उत्तर : वापरावी. तिच्यात एका प्रोसेसरवर भार १०० टक्क्यांपर्यंत नेता येतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये ती २०१४ पासून आहे. पण भार मर्यादेपलीकडे गेला, की कोणाची मुदत चुकेल हे आधी सांगता येत नाही. यंत्रावर मला ते नको असते.

प्रश्न : गोकुळ शिरगावच्या आमच्या यंत्रात भार जेमतेम ४० टक्के आहे, तरी सर्वोच्च प्राधान्याचा टास्क अधूनमधून उशिरा होतो. तो आणि सर्वांत खालचा, नोंदी लिहिणारा लॉगिंग टास्क एकच एसपीआय बस (चिप्सना जोडणाऱ्या तारांचा मार्ग) बायनरी सेमाफोरने, म्हणजे एका वेळी एकालाच वाट देणाऱ्या खुणेने, वाटून घेतात.

उत्तर : दुखणे सेमाफोरमध्ये असावे. लॉगिंगने बस धरली असताना मधल्या प्राधान्याचा टास्क येऊन लॉगिंगलाच बाजूला सारतो आणि वरचा टास्क त्या मधल्यासाठी ताटकळतो. १९९७ मध्ये मंगळावरील पाथफाइंडर यान याच कारणाने पुन्हा पुन्हा रीसेट होत होते. म्यूटेक्स या कुलपाचा प्राधान्य-वारसा (वरचा टास्क ताटकळत असेपर्यंत कुलूप धरणाऱ्याला त्याचेच प्राधान्य देणे) पृथ्वीवरून चालू केल्यावर ते रीसेट थांबले. फ्रीआरटीओएसच्या म्यूटेक्समध्ये हा वारसा असतो, बायनरी सेमाफोरमध्ये नसतो, तेव्हा तो बदल करावा. त्यानंतरही लॉगिंग जितका वेळ बस धरून ठेवेल तितके थांबणे उरतेच, म्हणून नोंदीचा मजकूर म्यूटेक्स घेण्यापूर्वीच तयार ठेवावा, तो लहान तुकड्यांत लिहावा आणि सर्वांत मोठ्या तुकड्याचा वेळ वरच्या टास्कच्या हिशेबात धरावा.