अर्जातला 'का' काढून टाक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा दोनदा वाचला. "रस्ता एका पावसात का उखडला आणि याला जबाबदार कोण?" तुझा राग खरा आहे, पण जन माहिती अधिकारी याला एका ओळीत वाटेला लावेल: प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. माझा पहिला अर्ज असाच परत आला होता. माहिती अधिकारात कार्यालयात असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही.

म्हणून कागदाचं नाव घे. त्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेली देयकं, यांच्या साक्षांकित प्रती माग. सगळ्यांत मोलाची मोजमाप पुस्तिका. कुठून कुठपर्यंत काम झालं, रुंदी किती, थर किती जाड, हे तिच्यात अभियंत्याच्या सहीनिशी लिहिलेलं असतं. ती घेऊन टेपसह रस्त्यावर जायचं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फार थोडे लोक वापरतात, तू वापर.

1996 साली राजस्थानात ब्यावरला मजूर आणि शेतकरी 40 दिवस धरणं धरून बसले, ते हजेरीपट आणि बिलांच्या नकलांसाठी. नक्कल हाती आली की ती गावासमोर वाचता येते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यामागे त्यांचा हट्ट आहे.

अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, एकच विषय ठेव, 150 शब्दांत आटप. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. "नस्ती आढळून येत नाही", म्हणजे फाईल सापडत नाही, असं कळवलं तरी अपील कर. माहिती नाकारण्याची कारणं कलम 8 आणि 9 मध्ये दिली आहेत, त्यांत हे नाही.

आता जे लिहिताना हात जड होतो ते. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी 2010 मध्ये हत्या झाली. एकट्याने अर्ज करू नकोस. त्याच कागदांसाठी गावातल्या चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज द्या आणि प्रती प्रत्येकाच्या घरी राहू द्या.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. मोजमाप पुस्तिका हाती आली की फोन कर, टेपचं दुसरं टोक धरायला मी येतो.

तुझा,
काका