पान तेच दिसत होतं, मग चुकलं कुठे?

“मॅडम, पान अगदी तेच होतं हो. तोच रंग, तोच लोगो.”

हे वाक्य अलीकडे माझ्या खोलीत फार वेगवेगळ्या तोंडून येतं. जिंतूरचा मेडिकलवाला, नांदेडला इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा, पाथरीच्या शाळेतल्या बाई. कुणी क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनात, पैसे घालून बसलेले, कुणी घालायच्या बेतात. आणि पाठोपाठ प्रश्न ठरलेला: एक्सचेंजची, म्हणजे ही नाणी जिथे विकत घेतात-विकतात त्या कंपनीची, खरी साइट आणि तिची नक्कल, ओळखायची कशी?

हा प्रश्न कॉम्प्युटरवाल्याचा आहे, समुपदेशकाचा नाही, असं काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. फसलेला माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या मनात दुसराच प्रश्न ठसठसत असतो: माझी अक्कल शाबूत आहे ना? नुसता धीर देऊन तो सुटत नाही. आपल्याला ओळखता येतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं लागतं. म्हणून मी वेबसाइटचे पत्ते वाचायला शिकवते, आणि हे काम मला माझंच वाटतं.

परभणीच्या एका काकांची गोष्ट त्यासाठी सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी टपालाच्या वर्गवारीत, म्हणजे सॉर्टिंगमध्ये गेली. पुतण्याने क्रिप्टो एक्सचेंजवर खातं उघडून दिलं होतं, थोडे थोडे करून त्यांनी त्यात एक लाख ऐंशी हजार घातले. एका संध्याकाळी मेसेज आला: केवायसी अपूर्ण आहे, चोवीस तासांत खातं गोठवलं जाईल. खाली लिंक. काकांनी ती दाबली, समोर ओळखीचं पान आलं, पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला. सकाळी खातं रिकामं.

माझ्याकडे त्यांना काकू घेऊन आल्या. बोलल्याही त्याच. “रात्री दोन-दोनदा उठून फोन पाहायलेत. लाइट बिल भरंनात, बँकेचं ॲप उघडंनात. सगळंच खोटं आहे म्हणायलेत.” काका खाली मान घालून ऐकत होते.

मी विचारलं, “काका, १९३० ला फोन केला होता?”

“उशिरा केला. पाच-सहा दिवस गेले.”

“नंबर माहीत नव्हता?”

“माहीत होता. पण काय सांगणार? जन्मभर लोकांचे पत्ते लावणारा माणूस पत्त्यावरच फसला म्हणून?”

सायबर फसवणुकीच्या १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत फोन गेला, तर पैसे वाटेत अडवण्याची काहीतरी शक्यता असते. क्रिप्टोत तर ती आणखी कमी, कारण नाणी एकदा दुसऱ्या वॉलेटमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या डिजिटल पाकिटात, गेली की व्यवहार उलटवणारी बँक मध्ये कुणी नसते. काकांचे ते मोलाचे तास लाजेत गेले. माझ्या अनुभवात असंच होतं. पहिलं नुकसान चोर करतो, दुसरं लाज करते.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी आहे. माणसाची कृती आणि माणूस यांची गल्लत करू नका, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं सांगणं माझ्या कामाचा पाया आहे. म्हणून मी म्हणाले, “काका, तुमच्या हातून एक चूक झाली, हे खरं. तुम्ही निर्बुद्ध आहात, हा मात्र तुम्ही स्वतःवर दिलेला निकाल आहे. त्याला पुरावा काय?”

“पुरावा? एक लाख ऐंशी हजार.”

या उत्तरावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुढच्या काही भेटी अशाच गेल्या. ते ऐकायचे, मान डोलवायचे, आणि लाइट बिल काकूच भरायच्या.

मग एकदा मी सहज विचारलं, “काका, टपालावरचा पत्ता तुम्ही कुठून वाचायचात?”

ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताठ बसले. “खालून. वरून वाचणारा सॉर्टर टिकायचा नाही. आधी पिन, मग तालुका, मग गाव. नाव कोण बघतंय? ते पोस्टमननं बघायचं.” आणि मग त्यांना बोलणं आवरेना. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, परभणीचा ४३१४०१, पहिल्या तीन आकड्यांवरच टपाल कुठल्या जिल्ह्याकडे जायचं ते ठरतं. मराठवाड्यात पिंपळगावं किती आणि वडगावं किती! नुसत्या गावाच्या नावावर गेलं तर पत्र भलतीकडेच जायचं.

मी कागद घेतला. त्या फसव्या मेसेजमधली लिंक मोठ्या अक्षरांत उतरवली. सुरुवातीला एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा. मग एक्सचेंजचं नाव, डॉट कॉम. मग डॉट केवायसी-अपडेट, डॉट टॉप. मग एक तिरकी रेघ आणि पुढे बरेच आकडे. म्हटलं, “पहिल्या एकट्या तिरक्या रेघेपाशी थांबा. तिच्यापुढचं सगळं सोडून द्या. आता तिथून मागं मागं वाचा, सॉर्टिंगला बसल्यासारखं.”

काकांनी रेघेवर बोट ठेवलं. “टॉप,” ते पुटपुटले. बोट डावीकडे सरकलं. “केवायसी-अपडेट.” ते तिथंच थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहावं, ही माझी पक्की धारणा आहे.

“म्हणजे हे कंपनीचं नाही,” ते म्हणाले. “कंपनीचं नाव नुसतं वर लिहिलंय. पत्र जाणार या केवायसी-अपडेटवाल्याच्या दारात.”

“बरोबर.”

“अहो, हे तर मला येत होतं!”

काकू रडायला लागल्या. काका मात्र कागदाकडेच बघत होते.

ते जे म्हणाले तोच नियम आहे. साइटचा खरा मालक त्या पहिल्या एकट्या रेघेच्या अगदी आधीच्या दोन तुकड्यांत असतो. शेवट डॉट को डॉट इन यासारखा जोडशेवट असेल तर तीन तुकड्यांत. त्याच्या डावीकडे मालक मनाला येईल ते लिहू शकतो, जगातल्या मोठ्यात मोठ्या एक्सचेंजचं नावसुद्धा. कुणाची परवानगी लागत नाही. फोनवर पत्त्याची पट्टी आखूड असते आणि लांब पत्ता पुरता दिसत नाही, म्हणून पट्टीवर बोट टेकवून पूर्ण पत्ता उघडायचा.

मला स्वतःला त्या दिवशी जे उमगलं ते असं. नक्कल करणारा आपली नजर जिथे विसावते तिथेच मेहनत घेतो: रंग, लोगो, पत्त्याची सुरुवात. ओळखीचं दिसलं की मन तपासणं थांबवतं. त्यात “चोवीस तासांत” ही धमकी आली की होती ती नजरही अरुंद होते. काकांची समज कुठेही गेलेली नव्हती. घाईने तिला कामाला लागूच दिलं नाही. “सावध राहा” हा उपदेश म्हणूनच निरुपयोगी आहे. घाबरलेल्या माणसाला सगळीकडे बघायला सांगितलं तर त्याला काहीच दिसत नाही. त्याला एकच जागा दाखवावी आणि तिथेच बघायला सांगावं.

पण नुसतं वाचन पुरत नाही, हेही मी काकांना तेव्हाच सांगितलं. काही जण नक्कल अक्षरांतच करतात. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की एम वाटतो. रशियन लिपीतला ए आणि इंग्रजी ए डोळ्याला सारखेच दिसतात. बायनान्स या एक्सचेंजच्या नावाचे असे पत्ते निघाले होते, अक्षराखाली बारीकसे टिंब, स्क्रीनवर धुळीचा कण वाटावा एवढंच. त्यावर लोकांनी आपले पासवर्ड टाकले. चोरांनी लगेच काहीच केलं नाही. त्या खात्यांतून परस्पर व्यवहार करता येतील अशा किल्ल्या तयार करून ठेवल्या आणि ७ मार्च २०१८ रोजी एकदम वापरल्या. एक्सचेंजच्या यंत्रणेने पैसे बाहेर जाणं रोखलं, म्हणून तो डाव फसला. “मी पासवर्ड टाकला, पण काही झालं नाही” असं कुणी म्हणालं की मी त्याला म्हणूनच तिथल्या तिथे खऱ्या ॲपमधून पासवर्ड बदलायला, बाकी सगळ्या फोनवरून लॉगआउट करायला आणि खात्यात आपण न बनवलेली एपीआय की, म्हणजे अशीच परस्पर व्यवहाराची किल्ली, आहे का ते बघायला लावते.

यावर उपाय साधा आहे. दुसऱ्याने दाखवलेल्या वाटेने जायचंच नाही. मेसेज असो, मेल असो की टेलिग्रामचा ग्रुप, लिंक दाबायची नाही. गुगलवर नाव टाकून सगळ्यात वर येईल तेही दाबायचं नाही, कारण तिथे पैसे भरून जाहिरात लावता येते आणि नकलाकार ती लावतात. पत्ता एकदा शांतपणे, माहितगाराला शेजारी बसवून पडताळायचा, बुकमार्क करायचा आणि पुढे त्यावरूनच जायचं. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं आणि स्वतः भरणारं ॲप, वापरलात तर आणखी बरं: डोळा फसेल, पण ते पत्ता अक्षरन् अक्षर जुळल्याशिवाय पासवर्ड स्वतःहून भरत नाही. तो आपोआप भरला गेला नाही, तर तिथेच हात थांबवायचा, स्वतः टाइप करायचा नाही.

पत्त्याच्या पट्टीत दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर लोकांचा फार भरवसा असतो. कुलूप एवढंच सांगतं की तुमचं बोलणं वाटेत कुणी ऐकत नाही. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. चोरालाही ते फुकट मिळतं. लोकांचा हा गैरसमज जाईना म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढलं. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ असा राखीव शेवट ठरवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. क्रिप्टो एक्सचेंजना असा राखीव शेवट नाही, त्यामुळे इथे जबाबदारी वाचणाऱ्यावर जास्त येते.

या भेटीनंतर थोड्याच दिवसांत काकांचा फोन आला. आवाज वेगळा होता. कुणीतरी त्यांना फोन करून सांगितलं होतं, तुमचे बुडालेले पैसे सापडलेत, फक्त तीस टक्के कर आधी भरा, लिंक पाठवलीय. एकदा फसलेल्याला असे फोन येतातच, कारण त्याचा नंबर पुढे विकला जातो. क्रिप्टोच्या नफ्यावर २०२२ पासून तीस टक्के कर आहे हे खरं, म्हणून थाप पटते. पण तो आयकर खात्याकडे भरायचा असतो. विक्रीवरचा एक टक्का टीडीएस भारतीय एक्सचेंज स्वतः कापून घेतं. पैसे सोडवायला आधी कर मागणारा माणूस चोरच.

“मग काय केलंत, काका?”

“शेवटाकडून वाचलं. सायबर पोलिसांचं नाव पुढं, आणि मालक भलताच. स्क्रीनशॉट काढला, तक्रारीला जोडायला दिला, नंबर ब्लॉक केला.” थोडं थांबून म्हणाले, “हात थरथरत होता, पण वाचलं.”

भीती गेल्यावर वाचा असं मी कुणालाच सांगत नाही. भीती असतानाच वाचता येतं, आणि वाचता वाचता ती उतरते. काकांनी ते करून दाखवलं, याचं मला मनापासून समाधान आहे.

घरच्यांना मात्र एक विनंती. आईवडिलांनी असं काही सांगितलं तर “तुम्हाला कुणी सांगितलं होतं नसत्या उठाठेवी करायला” हे वाक्य गिळा. त्या वाक्याच्या धास्तीनेच माणसं पाच-सहा दिवस गप्प बसतात. आधी शेजारी बसून १९३० लावा, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा, राग नंतर काढा. आणि त्यांचा फोन काढून घेऊ नका. काकांच्या मुलाने पुण्याहून तसं सुचवलं होतं. काकूंनी त्याला ठाम नकार दिला.

काकांचे पैसे अजून परत आलेले नाहीत, तक्रार चालू आहे. लाइट बिल तेच भरतात. क्रिप्टोत पुन्हा उतरायचं का, हे त्यांनी ठरवलेलं नाही, आणि ते त्यांच्या वतीने मीही ठरवणार नाही.