डोंबिवलीत घर घेताय ना? मग जरा ऐका

घर बघायला रविवारी दुपारी येऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी आठला या आणि इमारतीपासून स्टेशनपर्यंत स्वतः चालून बघा. एजंटची 'दहा मिनिटं' ही रिकाम्या रस्त्यावरची, तीही स्कूटरवरची असतात.

गाडीचं म्हणाल तर कल्याणहून येणारी फास्ट आधीच भरलेली असते. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलच्या वेळा पाठ करा, बसायला मिळण्याची शक्यता तिथेच.

कागदपत्रांत मात्र घाई नको. बनावट परवानग्यांवर महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी मिळवलेल्या इथल्या 65 इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने 2024 साली दिला, आणि त्यांत राहणारी माणसं तुमच्याआमच्यासारखीच कर्ज काढून आलेली होती. म्हणून नुसता महारेरा क्रमांक दिसला की हुरळून जाऊ नका. बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेत जाऊन ताडून घ्या, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, मागा, वकील आपला लावा, बिल्डरने सुचवलेला नको. पाणी किती वेळ येतं आणि टँकर कधी लागतो, हे वॉचमनला विचारा. तो खरं सांगतो.

मुलांची काळजी नको. शाळा शक्यतो चालत जाण्याच्या अंतरावरची बघा, मोठ्या नावामागे लागून लेकराला व्हॅनमध्ये तासभर कोंबू नका. शेजारीही लवकर जुळतात, थोडे चौकश्या करणारे आहेत एवढंच. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला सगळ्यांना घेऊन उतरा. 1999 पासून निघते. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवरच्या गर्दीत जायचं तर गाडी घरीच ठेवा.