टेबलमध्येच थेट एडिट करू द्यावं, की प्रत्येक ओळीसाठी वेगळा फॉर्म उघडावा?

तुम्ही विचारलंय की दोनशे ओळींच्या टेबलमध्ये प्रत्येक ओळीपुढे 'एडिट' बटण देऊन पॉपअप उघडावा, की सेलमध्येच टाइप करू द्यावं. भरणारा माणूस एका बैठकीत किती आकडे भरतो, ते आधी बघा. महिन्यातून दोनदा पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म उत्तम. रोज शंभर आकडे पडत असतील तर थेट सेलच हवा.

मी एका दूध संकलन केंद्रासाठी असं टेबल केलं होतं. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. पहिल्या आवृत्तीत पॉपअपच ठेवला होता. मग एका सकाळी केंद्रावर जाऊन उभा राहिलो. दारात कॅन घेऊन लोकांची रांग, आणि नोंदी घेणाऱ्या ताईंची नजर फॅटच्या मशीनवर, उजवा हात नंबरपॅडवर, डाव्या हातात पावती. त्या स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. माउस धरायला हात मोकळा नव्हता. त्याच दिवशी पॉपअप काढून टाकला.

नंबरपॅडवर टॅब नसतो, एंटर असतो. म्हणून आमच्या टेबलात एंटर दाबला की कर्सर उजवीकडच्या सेलमध्ये जातो आणि एसएनएफ भरून झाला की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतो. एक्सेलमध्ये एंटर खाली नेतो, टॅब उजवीकडे. आणि टॅब-टॅब करत गेल्यावर एंटर दाबला तर खालच्या ओळीत, जिथून सुरुवात केली त्याच कॉलमखाली परत आणतो. तुमची मंडळी एक्सेलवर वाढलेली असतील तर ती सवय मोडू नका. ताई आधी वहीतच नोंदी करायच्या, म्हणून मला मोकळीक होती.

सेलवर असणं आणि सेलच्या आत असणं, या दोन वेगळ्या अवस्था ठेवा. सेलवर असताना बाणांच्या कळांनी फिरता यावं, आकडा दाबताच जुना जाऊन नवा यावा, एफ२ दाबला तर जुना तसाच ठेवून दुरुस्त करता यावा, आणि एस्केपने मूळ आकडा परत यावा. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांनाही याच कळा अपेक्षित असतात. दर आणि रक्कम हे कॉलम हिशेबातून येतात; ते फिकट रंगात दाखवा आणि भरताना कर्सर त्यांच्यावर थांबवू नका.

चुकीच्या आकड्याचं काय करायचं, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. ३.५ ऐवजी ३५ फॅट पडणं रोजचंच. तिथे सूचनेची खिडकी उघडून काम अडवलं तर बाहेरची रांग थांबते. सेल लाल करा, शेजारी '३.५ म्हणायचंय का?' असं विचारा आणि पुढे जाऊ द्या. बिल मात्र दुरुस्तीशिवाय निघू देऊ नका. पण आकडा परस्पर बदलू नका. एक्सेल 'मार्च१', 'सेप्ट१' अशी जनुकांची नावं आपणहून तारखांमध्ये बदलत असे. संशोधकांच्या तक्त्यांमध्ये इतक्या चुका शिरल्या की २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने त्यांची नावंच बदलली. 'सेप्ट१'चं 'सेप्टिन१' झालं.

मराठी वापरकर्ते असतील तर आणखी एक. मराठी कीबोर्डवरून '४.२' देवनागरीत येतो, आणि ब्राउझरचा नंबर-प्रकारचा इनपुट तो घेईलच असं नाही. जावास्क्रिप्टलाही तो आकडा वाटत नाही. म्हणून साधा टेक्स्ट इनपुट ठेवा आणि दहाही देवनागरी अंक कोडमध्येच इंग्रजी अंकांत बदलून घ्या. आकडे उजव्या कडेला, दशांशचिन्ह एकाखाली एक, सगळे अंक सारख्या रुंदीचे. मग एखादा वेडावाकडा आकडा नजरेला लगेच टोचतो.

सेव्ह ओळीगणिक करा. आमच्याकडे दर फॅट आणि एसएनएफ दोन्हींवरून ठरतो, त्यामुळे अर्धी ओळ साठवण्यात अर्थ नव्हता. लाइट जाते, नेट जातं. म्हणून ओळ आधी त्याच कॉम्प्युटरवर साठवा, मग सर्व्हरवर पाठवा, आणि कुठली पोचली, कुठली नाही, हे ओळीच्या कडेला दिसू द्या. 'खात्री आहे का?' विचारण्यापेक्षा कंट्रोल-झेडने बदल मागे घेता येऊ द्या. लोक तो प्रश्न न वाचताच 'हो' दाबतात.

बदललेला आकडा पुसून मात्र टाकू नका. वहीत चुकलेला आकडा आडवी रेघ मारून वर नवा लिहितात, शेजारी सही करतात. आम्ही तेच सेलमध्ये आणलं: कोपऱ्यात छोटी खूण, तिच्यावर गेलं की जुना आकडा, कोणी बदलला आणि किती वाजता. पंधरवड्याच्या बिलाच्या दिवशी एक शेतकरी विचारायला आले, "माझी फॅट ४.१ लागली होती, इथे ३.९ कशी?" ताईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवून ती खूण उघडून दाखवली.