प्राणिवर्तनात पीएचडी करायची, तर एमएस्सी प्राणिशास्त्रात हवी की मानसशास्त्रात?

दोन्ही चालतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्राणिवर्तनाच्या पीएचडीत मार्गदर्शक मानसशास्त्र, कीटकशास्त्र, पशुविज्ञान अशा वेगवेगळ्या विभागांतले असतात. म्हणून पदवीच्या नावापेक्षा मार्गदर्शक आणि संशोधनाचा प्रश्न आधी ठरवा.

प्रश्न तपासायला प्राणिवर्तनशास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांची १९६३ची चौकट अजून उत्तम आहे: वर्तनामागची यंत्रणा काय, ते वाढीच्या काळात कसं घडतं, त्याचा जगण्याला उपयोग काय आणि ते उत्क्रांत कसं झालं. तुमचा प्रश्न यांतल्या कुठल्या खान्यात बसतो, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

अमेरिकेतले अर्ज साधारण डिसेंबरात बंद होतात, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरातच संभाव्य मार्गदर्शकांना ईमेल करा. दीडशे-दोनशे शब्द पुरेत, पण त्यांचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचलेला दिसू द्या. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला की तो लगेच ओळखू येतो.

खरी अडचण संख्याशास्त्रात येते. पाच वानरांच्या दोनशे नोंदी म्हणजे दोनशे स्वतंत्र नमुने नव्हेत, प्राणी पाचच. नमुने दोनशे धरले तर नसलेला फरकही दिसू लागतो. त्यासाठी ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत मिश्र-परिणाम प्रारूपं शिका, म्हणजे एकाच प्राण्याच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या आहेत हे हिशेबात धरणारी प्रारूपं. आणि आत्तापासून एकाच प्राण्यावर सलग दहा मिनिटं नजर ठेवून नोंदी करायचा सराव करा, अगदी गल्लीतल्या कुत्र्यांवरही.