परतीची बस आधी बघा, मग स्कूटीचं ठरवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. खानापूर-बेळगाव रस्त्यावरच्या गणेबैल फाट्यापासून आत ३ किलोमीटरवर गाव, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी लागलीय, एका बाजूला साधारण १८ किलोमीटर अंतर, घरात गाडी नाही. कर्ज काढून स्कूटी घ्यावी की बसनं जमेल, असं विचारलंय तुम्ही. त्याच रस्त्यानं मी १४ वर्षं मशीन शॉपला ये-जा केली, त्यातली पहिली ११ वर्षं गाडीशिवाय. म्हणून सांगतो, आत्ताच कर्ज काढू नका. बसनं जमतं. फक्त हिशोब सकाळचा करू नका, संध्याकाळचा करा.

सकाळी जायची अडचण फारशी येत नाही. उद्यमबाग खानापूर रस्त्यालाच आहे, शहराच्या अलीकडे. मच्छे, पिरनवाडी गेलं की उतरायचं, बेळगावच्या गर्दीत शिरायची गरजच नाही. संध्याकाळी मात्र हाच फायदा उलटतो. बस मध्यवर्ती बसस्थानकावरूनच भरून येते, उद्यमबागेला पोचेपर्यंत दारात माणसं लोंबकळत असतात आणि ड्रायव्हर थांबवतच नाही. पहिल्या वर्षी मी थांब्यावर तासतासभर उभा राहायचो, डोळ्यांदेखत गाड्या निघून जायच्या. शेवटी एका जुन्या कामगारानं शहाणं केलं : पुढं जायचं असेल तर आधी मागं जा. सिटी बसनं उलटं स्टँडवर जायचं आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून यायचं. अर्धा-पाऊण तास जास्त जातो, पण बसायला जागा मिळते आणि घरी पोचण्याची खात्री असते.

तुम्हाला तर हे उलटं जाणं फुकट आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे, सिटी बससुद्धा. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा आणि शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्याच, तिकिटाशिवाय बसू नका. राजहंस, एसी, स्लीपर गाड्यांना ही सवलत नाही.

आता स्कूटीचा खर्च मांडून बघा. रोज ३६ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस धरले तर ९३६ किलोमीटर होतात. लिटरला ४५ चं ॲव्हरेज मिळालं तरी जवळजवळ २१ लिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या भावानं दोन हजारांच्या वर. त्यावर कर्जाचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग. नव्या नोकरीच्या पगारातून एवढं दर महिन्याला बाजूला काढायचं आणि तेही पावसाळ्याच्या तोंडावर, मला पटत नाही. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा! जुलैच्या संध्याकाळी त्या हायवेवर लॉऱ्यांच्या पाण्याच्या फवाऱ्यातून नवशिक्यानं दुचाकी चालवणं मला धोक्याचं वाटतं.

खरी ओढाताण फाटा ते गाव या ३ किलोमीटरची असते. तिथं सायकल ठेवा, जुनी चालेल. माझी फाट्यावरच्या किराणा दुकानामागं असायची. दुकानदार पैसे घ्यायचा नाही, दिवाळीला घरचा फराळ द्यायचो. पावसात आपली तांबडी माती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये अशी घट्ट बसते की चाक फिरायचंच थांबतं. मी सीटखाली बांबूची एक चपटी काडी बांधून ठेवली होती. दर अर्ध्या किलोमीटरला उतरायचं, काडीनं चिखल खरवडून काढायचा आणि पुढं निघायचं. शेवटी जून ते सप्टेंबर मडगार्डच काढून ठेवायला लागलो. पाठीवर चिखलाची रेघ उठायची, पण सायकल चालायची. कामाचे बूट कारखान्यातच ठेवा, येता-जाता रबरी चप्पल घाला, आणि एक कोरडा पायमोज्यांचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत असू द्या. दिवसभर ओल्या पायांनी उभं राहून मला एकदा पायाला चिखल्या झाल्या होत्या, चार दिवस खाडा पडला.

रेल्वेचंही विचारलंय तुम्ही. खानापूर, इदलहोंड, देसूर ही स्टेशनं त्याच लाईनवर आहेत, पण उद्यमबागेला स्टेशन नाही. बेळगाव स्टेशनवर उतरून परत मागं यावं लागतं. कॅम्पात किंवा स्टेशनच्या आसपास काम असेल त्यांनी रेल्वेचा विचार करावा, तुमच्या उपयोगाची नाही.

बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. खानापूर, पिरनवाडी, बेळगावी एवढी तीन नावं कागदावर कन्नडमध्ये लिहून घ्या आणि आठवडाभर ताडून बघा, आपोआप ओळखू येतात. कंडक्टर "स्वल्प मुंद होग्री" म्हणाला की पुढं सरका. आणि चढण्याआधी फाट्याला थांबते का, हे विचारून घ्याच. गोव्याकडं, दांडेलीकडं जाणाऱ्या लांबच्या गाड्या अधल्यामधल्या फाट्यावर थांबत नाहीत. घाईत चढलं की सरळ खानापुरात जाऊन उतरावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीला जनरल शिफ्ट देतात आणि दोन-तीन महिन्यांनी "जरा सेकंड शिफ्टला या" म्हणतात. माझ्या बाबतीत हेच झालं. रात्री सुटलो तेव्हा शेवटची बस गेलेली होती. पिरनवाडीच्या नाक्यावर भर पावसात दीड तास उभा होतो, शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्यानं पुढं बसवून घेतलं. मी पुरुष माणूस, निभावलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये. म्हणून रुजू व्हायच्या आधीच शिफ्टचं विचारा आणि उत्तर लेखी मागा. कर्नाटकात कारखान्यात संध्याकाळी सातनंतर बायकांना कामावर ठेवायचं तर त्यांची लेखी संमती लागते आणि ने-आण करायची सोय मालकानं करायची असते. हा तुमचा हक्क आहे, मागताना संकोच करू नका. ते टाळाटाळ करायला लागले, तर नोकरीचा पुन्हा विचार करा असंच मी म्हणेन. गावातल्या चार-पाच जणी त्याच भागात कामाला असाल तर मिळून एक ओमनी व्हॅन महिन्याच्या बोलीवर ठरवता येते. पण सुट्टीच्या दिवसांचे पैसे द्यायचे की नाही, हे आधीच बोलून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात तोंडं फिरतात.

काही दिवस असे येतात की बसवर भरवसा ठेवायचाच नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा आणि निवडणुका आल्या की गाड्या तिकडं वळवतात. १ नोव्हेंबरला शहरातले रस्ते कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीनं भरलेले असतात, त्या दिवशी स्टँडवर उलटं जायचा बेत नको. इथंच कुणी महाराष्ट्रातल्या चंदगडकडून येणारे वाचत असतील तर त्यांच्यासाठी : सीमावादाचं वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या गाड्या बंद पडतात, डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपण ते बघितलंय. अशा दिवसासाठी उद्यमबागेच्या जवळपास एखाद्या नातेवाइकाचं किंवा मैत्रिणीचं घर सांगून ठेवा.

रुजू व्हायला अजून आठवडा आहे ना? एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी पाच ते साडेसात उद्यमबागेच्या थांब्यावर उभ्या राहा. खानापूरकडं जाणारी प्रत्येक बस किती वाजता आली, थांबली की नाही, बसायला जागा होती की नाही, हे वहीत लिहा. येताना त्यातल्याच एका बसनं घरी या. पुढचे तीन महिनेही ती वही चालू ठेवा, घरी किती वाजता पोचलात तेसुद्धा टिपा. दिवाळीनंतर रस्ते सुकतात, तेव्हा वही उघडून इथं कळवा. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा आठ वाजून जात असतील, तर स्कूटी कुठली घ्यायची ते मी सांगतो.